आधी दगड वाचा, मग जेसीबी बोलवा

मराठवाड्यातल्या जुन्या छावण्यांच्या गावांमधील पास्टोरेट कमिट्यांना (म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिट्यांना) आणि नगरपालिकांना खुलं पत्र

प्रभू येशूच्या नावात सलाम. जे आमच्या मंडळीतले नाहीत त्यांना नमस्कार.

विषय जुन्या दफनभूमीचा आहे. गावात तिला ‘गोऱ्यांचं कब्रस्तान’ म्हणतात. सध्या तिच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव फिरतोय आणि अंदाजपत्रकाची झेरॉक्स माझ्याही हाती आली आहे. त्यात संरक्षक भिंत, लोखंडी गेट, पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणि हायमास्ट दिवा आहे. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. भिंत तर हवीच. रात्री तिथे पत्त्यांचे डाव बसतात आणि सकाळी बाटल्या आम्हाला वेचाव्या लागतात. पण खालून दुसऱ्या ओळीत एक काम घातलंय: ‘जुनी मोडकळीस आलेली बांधकामे काढून जागा समतल करणे.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. ही ओळ कोणी दुष्टपणाने लिहीत नाही, आधीच्या कुठल्यातरी कामाच्या फाइलवरून ती तशीच उतरवली जाते. त्यामुळे ती उद्या तुमच्याही गावच्या अंदाजपत्रकात येऊ शकते.

ज्याला अंदाजपत्रक ‘बांधकामे’ म्हणतं, ती काय आहेत ते आधी सांगतो.

आपल्या भागात गोऱ्या पलटणी आल्या त्या लढत आल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची फौज दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यावर चालून गेली. केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून त्याने ताडलं की मध्ये नदी ओलांडायला उतार असलाच पाहिजे. आणि त्याच उतारावरून त्याने तोफांसह फौज पलीकडे नेली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले. त्यात मद्रासी शिपाईही मोठ्या संख्येने होते. स्कॉटलंडची ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली, घोडदळाचा कर्नल मॅक्सवेल मारला गेला. जखमींना अजिंठ्याला हलवलं, तिथे इस्पितळ घातलं. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, जागच्या जागी पडले, हे शत्रूनेच लिहून ठेवलंय. त्यांची नावं मात्र कोणी लिहिली नाहीत. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या, वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर तो एकच शब्द बोलला: असई.

लढाई झाली आणि फौज पुढे गेली. मुक्काम ठोकून राहणारी फौज नंतर आली. १८१३ मध्ये हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, हेन्री रसेल याच्या नावाने निजामाच्या खर्चाने ‘रसेल ब्रिगेड’ उभी राहिली, आणि तिचीच पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ झाली. साहेब अधिकारी, हिंदी शिपाई, पगार निजामाचा. या फौजेने १८१९ च्या जानेवारीत हदगावकडच्या नोव्हा गढीला वेढा घातला. आत नोव्हसाजी नाईकाचे हटकर होते आणि ते शेवटपर्यंत लढले. जिंकणाऱ्या पलटणींनी ‘नोव्हा’ हे नाव मानाने आपल्या निशाणावर मिरवलं. आपल्याकडे मात्र नांदेडच्या पोरांना विचारा, दहातल्या एकालाही सांगता येणार नाही.

जालन्याची छावणी १८२७ ला बांधली गेली. हिंगोली, अंबाजोगाई (तेव्हाचं मोमिनाबाद) आणि औरंगाबाद इथे कंटिन्जंटची ठाणी होती. या फौजेचा पगार थकला म्हणून १८५३ च्या तहात निजामाच्या हातून वऱ्हाड गेला. एका फौजेच्या पगारापायी अख्खा प्रांत! १९०३ ला कंटिन्जंट हिंदी लष्करात मिसळली आणि औरंगाबाद सोडून बाकीच्या छावण्या ओस पडल्या. बराकींच्या विटा लोकांनी घरांना लावल्या. विहिरी राहिल्या, काही ठिकाणी चर्च राहिलं, आणि राहिली ती ही दफनभूमी.

म्हणजे जालना किंवा हिंगोलीसारख्या गावात पाऊणशेहून जास्त वर्षं एक परकं लष्कर नांदून गेलं, आणि त्याचा गावात उरलेला लेखी पुरावा बव्हंशी या दगडांवरच आहे. पलटणीचं नाव, तारीख, हुद्दा, वय आणि बऱ्याचदा मरणाचं कारणसुद्धा. बाकीचे कागद हैदराबाद, चेन्नई आणि लंडनला पडलेत, तिथे आपल्यातला कोण जातोय?

मरणाचं कारण वाचत गेलात की एक गोष्ट ध्यानात येते. लढाईत मेलेले थोडे आहेत. बहुतेकांना पटकीने (कॉलऱ्याने) नेलं, तापाने नेलं, हगवणीने नेलं. बंगालमध्ये १८१७ ला उठलेली पटकीची साथ १८१८ ला दख्खनमध्ये उतरली आणि नंतर शतकभर फिरून फिरून येत राहिली. मोठे मनोरे दिसतात ते अधिकाऱ्यांचे. त्यांच्या पायाशी बुटक्या, गोलसर माथ्याच्या कबरी आहेत त्या लेकरांच्या. एका दगडावर एकाच आईची तीन मुलं आहेत, आणि चौथं नाव त्या आईचं. हे वाचायला इतिहासाची पदवी लागत नाही.

आता ‘युद्धसमाधी’ या शब्दाकडे येतो, कारण मीटिंगमध्ये या शब्दाने गोंधळ होतो. कोणीतरी म्हणतं, या वॉर ग्रेव्ह्ज आहेत, ब्रिटिश सरकार बघून घेईल. दुसरा म्हणतो, तसं काही नाही, खुशाल काढा. दोघंही अर्धं बोलतात.

१९१७ ला ब्रिटनमध्ये एक आयोग स्थापन झाला, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. त्याच्या हद्दीच्या तारखा ठरलेल्या आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात सेवेत असताना वारलेला सैनिक त्यांचा. मग तो गोळीने मरो की न्यूमोनियाने. १८०३, १८१९ किंवा १८५७ चा माणूस त्यांच्या वहीत बसत नाही. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लष्करी कबरींना तो आयोग वाली नाही. ब्रिटिश हायकमिशनचं लक्षही स्वातंत्र्यानंतर आटत गेलं आणि या जागा हळूहळू इथल्या मंडळ्यांच्या गळ्यात पडल्या. म्हणून ‘ते बघून घेतील’ हे डोक्यातून काढा. कोणी येणार नाही.

पण ‘खुशाल काढा’ हेही चालणार नाही. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक सैनिकांची नावं आहेत. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून १९६२ ला ज्यांच्या अस्थी तिथे आणल्या ते ६२९ जण सोडले, तर ही माणसं तिथे पुरलेली नाहीत. हिंदुस्थान आणि आजच्या पाकिस्तानातल्या गावोगावच्या दफनभूम्यांमध्ये त्यांना पुरलं, त्या कबरींची निगा राखणं जमेना, म्हणून नावं तेवढी खडकीच्या भिंतीवर नेली. त्यांच्या अस्थी जिथल्या तिथेच आहेत. तुमच्या गावात असा एखादा असेल तर त्याची निशाणी दगडावरच्या तारखेत मिळेल. १९१४ नंतरचं साल आणि पलटणीचं चिन्ह दिसलं, किंवा वरून कमानदार, साधारण ८१ सेंटीमीटर उंच आणि ३८ सेंटीमीटर रुंद असा साचेबंद दगड दिसला, तर तिथे कुदळ लावण्याआधी आयोगाला मेल टाका. त्यांची यादी इंटरनेटवर आहे. नाव घातलं की नोंद निघते, पैसे पडत नाहीत.

या आयोगाचं ब्रीद मोठं सुंदर होतं: हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान. साहेब आणि शिपाई एकाच मापाच्या दगडाखाली. २०२१ ला त्यांच्याच चौकशी अहवालाने कबूल केलं की हे सगळीकडे पाळलं गेलं नाही. किमान १,१६,००० मृतांची, त्यातही मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तकडच्यांची, नावं कुठेच लागली नाहीत. हे सांगतोय ते अशासाठी की मंडळीतली तरुण पोरं मला विचारतात, ‘काका, साहेबांच्या थडग्यांचं आपल्याला काय कौतुक? त्यांनी आपल्या लोकांना तोफेच्या तोंडी दिलं.’

प्रश्न बरोबर आहे. दिलंच. जून १८५७ मध्ये औरंगाबाद छावणीत कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्याच्या (घोडदळाच्या पलटणीच्या) स्वारांमध्ये बातमी पसरली की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार. स्वार बिथरले, त्यांनी जायला नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि काळ्या चबुतऱ्यावर शिक्षा झाल्या: कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफ. ती जागा म्हणजे आजचा क्रांती चौक. तिथून रोज हजारो गाड्या जातात. ज्यांना शिक्षा झाली त्यांच्या कबरी कुठे आहेत? आणि शिक्षा देणाऱ्या फौजेतल्या मेलेल्यांच्या कबरी कुठे आहेत? एका बाजूला कोरीव दगड, दुसऱ्या बाजूला नुसतं चौकाचं नाव. हा अन्याय दगड फोडून भरून निघत नाही. उलट तो दगड गेला की त्या साली इथे कोण होतं, किती होतं, कुठल्या पलटणीचं होतं, हे सांगणारा दुसऱ्या बाजूचा साक्षीदारही गेला. फिर्यादीला पुरावा जाळून काय मिळणार?

त्या रिसाल्याचं पुढे काय झालं तेही ऐका. १९०३ च्या फेररचनेत त्याला २० वी डेक्कन हॉर्स हे नाव मिळालं. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ या रिसाल्याने भाले रोखून घोडे घातले, समोर मशीनगन असताना. फ्रान्समध्येच नव्ह-शापेलला एक स्मारक आहे. त्यावर ज्यांची कबर माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. डेक्कन हॉर्स आजही भारतीय सेनेत आहे, १९६५ ला पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला तिचे रणगाडे पाकिस्तानी पॅटनना भिडले. ज्या रिसाल्याने औरंगाबादेत बंड केलं, त्याचाच वंश खेमकरणच्या उसाच्या शेतात देशासाठी लढला. कंटिन्जंटचा इतिहास ‘त्यांचा’ आणि ‘आपला’ असा सरळ फाडता येत नाही, आणि मला तरी तो फाडायचा नाही.

शिवाय आम्ही मराठी ख्रिस्ती त्या छावणीच्या कुशीतच वाढलो, हे का लपवायचं? जालन्याला नारायण शेषाद्री आले. ब्राह्मण घरातला माणूस, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला. त्यांनी निजामाचा दिवाण सालारजंग याच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. १८९१ ला अमेरिकेहून परतताना जहाजावरच ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले, म्हणजे त्यांच्या वाट्याला मातीसुद्धा आली नाही. छावणीच्या बँडमध्ये वाजवणारे, इस्पितळात जखमा बांधणारे, साहेबांच्या घरी राबणारे, यांत आमचे लोक होते. मनोऱ्यांच्या मागे, भिंतीच्या कडेला, नुसता एक क्रूस खोदलेले जे बुटके काळे दगड आहेत, ते कोणाचे असतील असं वाटतं तुम्हाला? ‘मोडकळीस आलेली बांधकामे’ म्हणून पहिल्यांदा तेच जाणार, कारण ते लहान आहेत आणि त्यांच्यासाठी लंडनहून कोणी पत्र लिहिणार नाही.

जाता जाता एक. अजिंठा गावात पारोची कबर आहे. लेण्यांची चित्रं उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलची ती सोबतीण. तिच्या दगडावर २३ मे १८५६ ही तारीख आहे. ती तारीख त्याने कोरून ठेवली म्हणून पारो खरी ठरली, नाहीतर गाइड लोकांनी तिचं पार दंतकथेत रूपांतर केलं असतं. एका दगडाची किंमत इतकी असते.

आता कामाचं बोलू.

दगड वाचायला पैसे लागत नाहीत, ऊन लागतं. सकाळचं किंवा उतरतं ऊन तिरकं पडलं की दुपारी सपाट दिसणारी अक्षरं उठून येतात. दगड सावलीत असेल तर घरातला आरसा घेऊन जा आणि उन्हाची तिरीप बाजूने टाका. मोबाईलवर फोटो काढा, एक जवळून, एक लांबून, म्हणजे कुठला दगड कुठे उभा आहे ते राहील. काही संगमरवरी पाट्यांवर अक्षरं शिशाची बसवलेली होती. शिसं चोरांनी कधीच उकरून नेलं, त्यामुळे पाटी कोरी दिसते आणि लोक म्हणतात, यावर काहीच नाही. हात फिरवून बघा. शिसं धरून ठेवायला प्रत्येक अक्षरात बारीक भोकं पाडलेली असतात. त्या भोकांवर पेन्सिलीने कागदावर ठिपके घ्या आणि ते जोडत जा. कोऱ्या म्हणून टाकलेल्या पाटीवर एक पूर्ण नाव आणि हुद्दा असा उमटलेला मी पाहिलाय. ते नाव कोणाचं याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं, तरी अंगावर काटा आला.

पीठ, खडूची भुकटी किंवा रांगोळी चोळून अक्षरं उठवायची खोड सोडा. पिठावर बुरशी धरते आणि ती दगड खाते. संडास धुवायचं ॲसिड तर चुकूनही नेऊ नका. आपल्याकडचे पुष्कळ दगड शहाबादी किंवा संगमरवरी आहेत, दोन्ही चुन्याच्या जातीचे, ॲसिड पडलं की फसफसून अक्षरासकट विरघळतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ऑइल पेंट नको. पांढरा डिस्टेंपर नको. जुन्या चबुतऱ्याला चुन्याचा गारा आहे, त्याच्या भेगांत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत चबुतरा फुटतो. पिंपळ उगवला असेल तर तो ओढून काढू नका, मुळासोबत अर्धी कबर हातात येते. बुंध्याशी कापा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापा. येडी बाभूळ आणि घाणेरी मात्र बेलाशक तोडा, त्यांच्याबद्दल मला काडीची दया नाही.

१९४१ मध्ये निजाम राज्यातल्या थडग्यांवरच्या लेखांची एक यादी हैदराबादेत छापली गेली होती. ती मिळवून हातात ठेवली तर निम्मं काम हलकं होईल. पण ‘सगळं यादीत आहेच की’ म्हणून दगड मोडायला ती सबब होत नाही. १९४१ नंतरच्या कबरी तिच्यात असण्याचा प्रश्नच नाही, आणि पुस्तकात मजकूर मिळतो, जागा मिळत नाही.

जागेची अडचण मला कळते. मंडळ्या वाढल्या, दफनाला जागा उरली नाही, नवीन जमीन मागितली की महसूल खात्यात फाइल वर्षानुवर्षं झोपते. वरच्या आळीतल्या आजी ख्रिस्तवासी झाल्या तेव्हा खड्डा कुठे घ्यायचा यावरून भर उन्हात बोलाचाली झाली, ती आपण सगळ्यांनी ऐकली. म्हणून जुन्या कबरींना हात लावायचाच नाही असा हट्ट मी धरत नाही. माझं म्हणणं एवढंच की कुठली कबर कोणाची हे माहीत नसताना निर्णय घेऊ नका. यादी झाली की बऱ्याचदा दिसतं, दाटी वाटणाऱ्या जागेत अर्धा पसारा झुडपांचा आणि राडारोड्याचा होता.

नगरपालिकेकडे मागणं असं: अंदाजपत्रकातली ती समतल करण्याची ओळ काढा आणि तिच्या जागी ‘अस्तित्वातील कबरींचे मोजमाप, छायाचित्रण व नोंद’ ही ओळ घाला. खर्च कमीच येईल. काम सुरू होण्याआधी राज्य पुरातत्त्व खात्याच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाला एक पत्र जाऊ द्या. १९६० च्या राज्य कायद्याखाली स्मारक संरक्षित होवो न होवो, त्यांचा माणूस एकदा येऊन बघून गेला तर ठेकेदाराचा हात जरा आखडतो. कमिट्यांकडे मागणं: जुनी दफन रजिस्टरं कपाटातून काढा, वाळवीच्या आधी स्कॅन करा. आणि फाटकाशी एक पाटी मराठीत लावा. तिच्यावर छावणी कधी बसली, कधी उठली, इथे कोण पुरलेत, हे लिहा. आणि असई, नोव्हा, काळा चबुतरा इथे पडलेले पण ज्यांना दगड मिळाला नाही, त्यांचाही उल्लेख त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत करा.

पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) पहाटेची उपासना आपण दफनभूमीतच घेतो. त्याआधीच्या शनिवारी सकाळी लवकर, ऊन तिरकं असताना, जमेल त्या तरुणांनी आणि शाळेच्या पोरांनी वही, आरसा आणि मोबाईल घेऊन यावं. मनोऱ्यांपासून सुरुवात करू नका, ते कुठे जात नाहीत. भिंतीच्या कडेच्या बुटक्या काळ्या दगडांपासून करा. इंग्रजी न येणाऱ्यांनीही यावं, त्या कडेला मराठी अक्षरंही सापडतील. चहाची सोय माझ्याकडे.

आपला,
मंडळीतला एक जुना सभासद